अकीकाचे रंग : अग्नी, मध आणि हिराकस

सुवर्णकारी आणि सराफी हे ज्यांचे वडिलोपार्जित व्यवसाय, अशा आपल्या ज्ञातीतील घरांत सोन्याच्या कसाची चर्चा जितक्या आस्थेने होते तितकी खड्यांची होत नाही. झालीच तर ती हिरा, माणिक आणि पाचू ह्यांच्यापुरती. अकीक हा बिचारा स्वस्त दगड. मुद्रेच्या अंगठीत, जपमाळेत किंवा मुलाच्या गळ्यातील ताइतात त्याची जागा. परंतु दगडास रंग देण्याची जी कला मनुष्याने साधली, तिचा इतिहास ह्या स्वस्त दगडाच्याच अंगावर लिहिलेला आहे. ज्या काळ्याभोर खड्यास बाजारात ऑनिक्स म्हणून मान मिळतो, तो बहुधा साखरेच्या पाण्यात मुरवून काळा केलेला असतो, ही गोष्ट दुकानात बसणाऱ्या आपल्या तरुण मंडळींपैकी कितीकांस ठाऊक असेल, ह्याविषयी आम्हांस शंका आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत ह्या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम दगडाची ओळख करून घेतली पाहिजे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, आणि त्यांचाच आज आपण पाहतो तो काळा कातळ झाला. रस थिजत असता त्यातील वायूंचे बुडबुडे आतच अडकले व त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घ काळ भूजलाबरोबर आलेली सिलिका त्या पोकळ्यांत थराथराने साचत गेली. पोकळी पुरती भरली तर पट्ट्यापट्ट्यांचा अकीक तयार होतो; मध्ये जागा उरली तर तिच्या भिंतींवर स्फटिकांचे दाट पीक येते आणि आपण ज्यास पोकळ गोटा म्हणतो तो जिओड बनतो. विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी डोंगर फोडताना असे गोटे आपल्याकडे पुष्कळ निघतात, आणि खेड्यांतील माणसे त्यांस सरसकट ‘गारगोटी’ म्हणतात. हे नाव काही अगदीच चुकीचे नाही. गारगोटी, स्फटिक आणि अकीक ही तिन्ही एकाच द्रव्याची रूपे आहेत.

त्यांत भेद आहे तो बांधणीचा, आणि रंगाऱ्याची सारी विद्या ह्या भेदावर उभी आहे. स्फटिक हा एकसंध. त्याच्या अंगात काही शिरत नाही. अकीक मात्र डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो व तंतूंच्या मधून अत्यंत बारीक छिद्रे असतात. बाहेरून काचेसारखा गुळगुळीत दिसणारा हा दगड वस्तुतः पाणी पितो. फार सावकाश पितो, पण पितो. त्यातही प्रत्येक पट्टा सारखा पीत नाही. जो पट्टा सच्छिद्र तो रंग घेतो, जो घट्ट तो कोराच राहतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जो रेखीव खडा आपण पाहतो, त्यातील पांढरी रेघ कोणी रंगविलेली नसते. तिने रंग नाकारलेला असतो एवढेच.

ह्या कलेचा पहिला अध्याय आपल्याच देशात घडला, आणि त्यात रंग असा नव्हताच. होता तो अग्नी. गुजराथेत नर्मदेच्या दक्षिणेस, पूर्वीच्या राजपिपला संस्थानात रतनपूर आणि लिमोदरा ही गावे आहेत. तेथील खाणींतून निघणारे गोटे मूळचे मळकट, पिवळट किंवा तपकिरी असतात. त्यांत लोहाचा अंश जलयुक्त रूपात, म्हणजे साध्या भाषेत सांगावयाचे तर पिवळ्या गंजासारखा असतो. दगड तापविला की सुमारे ३०० अंशांच्या उष्णतेला ते पाणी निघून जाते आणि मागे तांबडे लोहभस्म राहते. पिवळ्या मातीचे मडके भाजल्यावर लाल होते, त्यातलाच हा प्रकार.

मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरात ह्या कृतीचे वर्णन तपशिलाने दिले आहे. खाणीतून काढलेले गोटे प्रथम उन्हात पसरीत व मधून मधून वरखाली करीत. उन्हाळा भरात आला म्हणजे ते मातीच्या मडक्यांत भरून मडकी चरात मांडीत आणि भोवती शेणाचा विस्तव करून सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत धुमसू देत. सकाळी मडकी उघडली म्हणजे कोणत्या गोट्याचे काय झाले ते कळे. फिकट तपकिरी गोटे पांढरे पडत, गडद तपकिरी अधिकच गडद होत. गवती पिवळ्यास गुलाबी छटा येई. नारिंगी पिवळा होता तो लाल होई. पिवळ्या-तपकिरीचे ढगासारखे मिश्रण असलेल्या गोट्यांतून तर लाल आणि पांढरे पट्टे उमटत. ह्या लाल झालेल्या अकीकासच युरोपीय व्यापारी कार्नेलियन म्हणत. तेथून तो माल खंबायतेस जाई, पैलू आणि भोके पाडून त्याचे मणी होत व अरबस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यास रवाना होत. इ. स. १५१६ च्या सुमारास लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझा ह्या पोर्तुगीजाने लिमोदऱ्याचा दगड विस्तवाने अधिक लाल करतात असे नमूद केले आहे. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर ह्या हबशी संताचा दर्गा असून अकीकाच्या धंद्यातील लोक त्यांस आपला आश्रयदाता मानतात.

बार्बोझा आला तेव्हा ही विद्या नवी नव्हती. ती किमान चार हजार वर्षांची होती. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी लाल कार्नेलियनचे मणी तर केलेच, पण त्याहून विलक्षण असे एक पाऊल पुढे टाकले. लाल मण्यावर त्यांनी पांढरी नक्षी उमटविली. चन्हुदारो येथे १९३५-३६ साली उत्खनन करताना अर्नेस्ट मॅके ह्यांस मणिकारांची कार्यशाळाच सापडली. आपल्या देशात लोथल येथे शि. रं. राव ह्यांच्या उत्खननात तसाच मण्यांचा कारखाना उजेडात आला. असे नक्षीदार मणी मेसोपोटेमियातील ऊर येथील राजकीय थडग्यांतही निघाले. म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे अडीच हजार वर्षे हा माल समुद्र ओलांडून जात होता.

ही नक्षी काढीत कशी? मॅके ह्यांस ह्याचे उत्तर पुस्तकात मिळाले नाही. ते सिंधमधील सेहवान गावी एका वृद्ध कारागिराकडे मिळाले. त्याने कपडे धुण्याचा सोडा करीराच्या कोवळ्या डहाळ्यांच्या रसात कालवून त्या लुकणाने मण्यावर रेघा काढल्या, मणी वाळवून निखाऱ्यांत तापविला, आणि थंड झाल्यावर पुसला. पुसताच खाली न जाणारी पांढरी नक्षी दिसली. क्षाराने दगडाचा पृष्ठभाग भेदून त्याचा पारदर्शीपणा नाहीसा केला होता. चार हजार वर्षांच्या अवधीत राज्ये गेली, नद्यांनी पात्रे बदलली, लिपी विसरली गेली. पण सोडा आणि करीराचा रस एका गावात टिकून राहिला! पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४९ साली मोरेश्वर गंगाधर दीक्षित ह्यांचा भारतातील नक्षीदार मण्यांवरील प्रबंध प्रसिद्ध केला. मण्यांसारख्या किरकोळ मानल्या गेलेल्या वस्तूंचा इतक्या काटेकोरपणे अभ्यास करणारा हा महाराष्ट्रीय विद्वान आपल्या घरांतून अधिक परिचित असावयास हवा होता.

महाराष्ट्राचा ह्या व्यापाराशी संबंध केवळ अभ्यासापुरता नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रंथात भडोच बंदरातून जाणाऱ्या मालाची यादी आहे. पैठणहून ऑनिक्सचा दगड मोठ्या प्रमाणात, रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून, वीस दिवसांच्या प्रवासाने भडोचेस येतो असे तो म्हणतो; आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नगरीचे कापड. हे तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन वस्तूंबरोबर दगडी मणीही ठेवले आहेत. गोदावरीच्या काठचा दगड रोमच्या सरदाराच्या बोटात गेला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आता त्याच शतकातील रोमकडे वळू. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ज्याचा अंत झाला त्या प्लिनीने आपल्या सृष्टिविज्ञानाच्या महाग्रंथाचा शेवटचा, सदतिसावा खंड रत्नांस वाहिला आहे. त्यात तो सांगतो की, अरबस्तानात सापडणारे काही दगड सात दिवस आणि सात रात्री मधात अखंड उकळतात, आणि त्यामुळे त्यांतील मळ निघून जातो. दगड मधात का उकळावा, हे पुढील सतराशे वर्षे कोणास नीटसे उमगले नाही. प्लिनीने आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती सराफांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. खोटी रत्ने कशी करावीत हे शिकविणारे ग्रंथ आहेत, पण त्यांच्या लेखकांची नावे मी देणार नाही, असे सांगून, ह्याहून अधिक किफायतीची लबाडी दुसरी नाही असे तो बजावतो. ते ग्रंथ कसे असतील ह्याची कल्पना इजिप्तमध्ये सापडलेल्या आणि आज स्टॉकहोमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका ग्रीक पपायरसावरून येते. तिसऱ्या-चौथ्या शतकातील ह्या पोथीत स्फटिकास पाचूचा, माणकाचा रंग आणण्याच्या कृती एकामागून एक दिल्या आहेत.

मधाचे कोडे सुटले ते जर्मनीत. ऱ्हाइन नदीस मिळणाऱ्या नाहे नदीच्या खोऱ्यात इडार आणि ओबरश्टाइन ही दोन गावे आहेत. १९३३ साली ती एकत्र होऊन इडार-ओबरश्टाइन हे एक नगर झाले. भोवतालच्या डोंगरांत अकीक मिळे व ओढ्यांवर पाणचक्क्या चालत. त्या चक्क्यांवर वालुकाश्माची प्रचंड चाके फिरत आणि घासणारा कारागीर लाकडी घोडीवर पालथा पडून, पाय मागच्या फळीस टेकवून, सर्व अंगाचा भार देऊन दगड चाकावर दाबी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील खाणी आटत गेल्या. पोटासाठी अनेक कुटुंबे ब्राझीलला गेली, आणि त्यांपैकी काहींना १८२७ च्या सुमारास रिओ ग्रांदे दो सूल प्रांतात अकीकाचे गोटे नदीनाल्यांत पडलेले दिसले. १८३४ साली पहिला माल मायदेशी पोहोचला. जहाजाच्या तळाशी भार म्हणून टाकलेला हा दगड जवळजवळ फुकट येई. परंतु त्यात एक उणीव होती. तो होता करड्या रंगाचा, निस्तेज.

ह्या उणिवेतूनच रंगाऱ्याचा धंदा भरभराटीस आला. करडा दगड सच्छिद्र होता आणि त्याचे पट्टे सरळ व सारखे होते. रंग देण्यास ह्याहून चांगला दगड नव्हता. काळा रंग देण्याची युक्ती त्याआधी काही वर्षे, १८१९ च्या सुमारास, इडारमध्ये आली होती. इटलीतील खोदकाम करणारे कारागीर ती गुप्त ठेवून होते आणि इडारच्या एका व्यापाऱ्याने ती पॅरिसमध्ये कर्जापायी तुरुंगात पडला असता एका रोमन सोबत्याकडून मिळविली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. ती युक्ती मात्र प्लिनीचा मधच होती. बॉन येथील खनिजशास्त्राचे प्राध्यापक योहान याकोब न्योगेराट ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्यावर स्वतंत्र प्रबंध लिहून प्लिनीच्या त्या ओळींचा उलगडा केला. मधाने दगड स्वच्छ होत नसून मध दगडात मुरतो, आणि नंतर त्याचा कोळसा केला की दगड काळा होतो. रोमनांना तीव्र गंधकाम्ल ठाऊक नव्हते. ते मुरलेला मध बहुधा उष्णतेनेच जाळीत असावेत.

इडारची कृती अशी : लिटरभर पाण्यात सुमारे ३७५ ग्रॅम साखर विरघळवून त्यात घासलेले, स्वच्छ धुऊन वाळविलेले खडे दोन-तीन आठवडे कोमट उबेत ठेवावयाचे. मग बाहेर काढून तीव्र गंधकाम्लात घालून हळूहळू तापवावयाचे. अम्ल साखरेतील पाणी शोषून घेते आणि दगडाच्या अंतरंगात, प्रत्येक छिद्रात, शुद्ध कोळसा राहतो. हा रंग उन्हाने जात नाही की पाण्याने जात नाही. (घरातील जिज्ञासू मुलांनी ह्याचा प्रयोग करू नये, तापलेले गंधकाम्ल डोळ्यांस क्षमा करीत नाही.)

काळ्याचे रहस्य कळल्यावर इतर रंगांस वेळ लागला नाही. लाल रंगासाठी लोखंडी खिळे नत्राम्लात विरघळवून त्या द्रावात दगड मुरवीत व मग भाजीत. निसर्गाने रतनपूरच्या गोट्यास जे लोह फुकट दिले होते, ते येथे बाहेरून भरावे लागे एवढाच फरक. निळ्यासाठी आधी पिवळ्या पोटॅशियम फेरोसायनाइडचे पाणी आणि मग हिराकशीचे. दोन्ही दगडाच्या आतच भेटतात आणि प्रशियन निळा तयार होतो. हिरव्यासाठी क्रोमियमचा क्षार, त्यावर अमोनियम कार्बोनेट व शेवटी कडक भट्टी. पोपटी छटा हवी तर निकेल. ह्यांतील युक्ती अशी की, तयार रंगाचे कण छिद्रांत शिरत नाहीत म्हणून रंग आत नेऊन सोडावयाचा नसतो, तो आतच जन्मास घालावयाचा असतो. आपल्याकडील रंगारी कापडास आधी हरड्याचे व तुरटीचे पाणी देऊन मग मंजिष्ठेत घालीत, ते ज्यांनी पाहिले वा ऐकले आहे त्यांस ह्याचे मर्म लगेच कळेल.

ह्या भरभराटीची झळ आपल्या देशास लागल्यावाचून राहिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इडारच्या कारखानदारांनी खंबायतेचे लांबट मणी नमुना म्हणून पुढे ठेवले, ब्राझीलच्या दगडास लाल रंग दिला आणि त्याच घाटाचे मणी आफ्रिकेच्या बाजारात ओतले. आफ्रिकेतील गिऱ्हाइकास शतकानुशतके खंबायतेचा लाल मणी प्रिय होता. त्यास आता तसाच दिसणारा जर्मन मणी मिळू लागला. खंबायतेच्या कारागिराची कला कोठेही कमी पडली नव्हती. कच्चा माल फुकट, शक्ती पाण्याची आणि रंग रसायनाचा, अशा तिहेरी बळापुढे त्याची मडकी आणि शेणाचा विस्तव लुळा पडला.

तथापि दोन्ही गावांच्या कारागिरांचे एक दुःख समान होते. अकीक म्हणजे शुद्ध सिलिका. तो कोरडा घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते, तेथे घट्ट बसते आणि माणसाचा श्वास हळूहळू कोंडते. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. क्षय त्याच्या पाठोपाठ येतो. इडारच्या चाकावर पालथे पडणारे घासणारे अल्पायुषी ठरत. खंबायतेत विजेच्या मोटारीवर चालणारी एमरीची चाके घरोघर आली, तेव्हा मण्यांचा वेग वाढला आणि धूळही वाढली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील कारागिरांची तपासणी करून हा रोग त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवून दिले आहे. घासणाऱ्याच्या घरातील स्त्रिया व मुले चाकास हात न लावताही तीच हवा घेतात. पाण्याची धार सोडून ओले घासणे व धूळ ओढून नेणारे पंखे बसविणे हे उपाय ज्ञात आहेत; ते खर्चाचे आहेत, आणि ज्या मण्यास बाजारात काही रुपयेच मिळतात त्याच्या किमतीत तो खर्च कोणी धरीत नाही. घाऊक माल घेताना घासाघीस करणाऱ्या आपण व्यापाऱ्यांनी हे ठाऊक नाही असे म्हणू नये.

आज हा रंगकामाचा धंदा मुख्यत्वे ब्राझीलमध्येच चालतो. रिओ ग्रांदे दो सूल प्रांतातील सोलेदादे हे त्याचे एक केंद्र होय. इडारमध्ये जुन्या पाणचक्क्यांपैकी एक संग्रहालय म्हणून जपून ठेवली आहे. आता खनिज क्षारांच्या जोडीला कृत्रिम सेंद्रिय रंग आले आहेत. भडक गुलाबी, जांभळे, मोरपंखी असे जे अकीकाचे काप आणि अर्धे गोटे शोभेच्या वस्तू म्हणून घरोघर येतात, ते ह्यांचे काम. हे रंग स्वस्त व झटपट, पण उन्हात फिके पडणारे. आणि त्यांचे सांडपाणी ओढ्यांत जाते ही तेथील मोठीच तक्रार आहे. गोट्याच्या आतील स्फटिक तर, वर सांगितल्याप्रमाणे, रंग पीतच नाहीत. म्हणून गुलाबी दिसणाऱ्या स्फटिकांवर तो रंग केवळ बसलेला असतो, भेगांत व सांध्यांत साकळलेला.

ह्यात लबाडी किती? आमचे मत असे की, दगडास रंग देणे ही लबाडी नव्हे. न सांगता विकणे ही लबाडी होय. भट्टीत लाल केलेल्या अकीकात जो रंग प्रगट होतो त्याचे द्रव्य दगडाचेच असते. त्यास खोटा म्हणणे जड जाते. साखरेने काळा झालेला ऑनिक्स ही जुनी मान्य रीत आहे व नैसर्गिक काळा ऑनिक्स इतका विरळ की, न रंगविलेला द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास बहुधा रिकाम्या हाताने परत जावे लागेल. पुष्कराजाऐवजी दिला जाणारा सुनेला तर पुष्कळदा ॲमेथिस्ट तापवून पिवळा केलेला असतो. परंतु हिरवा रंगविलेला अकीक पाचूच्या जातीचा म्हणून, किंवा अॅनिलिनचा गुलाबी गोटा ‘खाणीतून असाच निघाला’ म्हणून गळ्यात घालणे, ह्याचे समर्थन कोणत्याही पेढीस करता येणार नाही.

परीक्षा फारशी कठीण नाही. ॲसिटोनमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा आतील बाजूवर घासावा. सेंद्रिय रंग असल्यास पुष्कळदा बोळ्यास लागतो. भिंगातून पाहावे, रंग भेगांच्या कडेने दाट व इतरत्र फिका दिसला तर तो बाहेरून आलेला समजावा. कोळशाचा काळा व क्रोमचा हिरवा ह्या परीक्षेत सापडत नाहीत, कारण ते दगडाच्या आत पक्के झालेले असतात. तेथे प्रयोगशाळेचाच आधार घ्यावा लागतो.

भडक दिसते ते सर्व रंगविलेले, असा मात्र उलट समज करून घेऊ नये. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जळगाव, नाशिक आणि पुणे ह्या भागांतील कातळातून निघणारे हिरवट ॲपोफिलाइट आणि फिकट गुलाबी स्टिलबाइट हे निसर्गाचेच रंग होत. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत मिळणारे कॅव्हन्साइट हे खनिज तर इतके गडद निळे असते की, प्रथम पाहणाऱ्यास ते शाईत बुडविल्यासारखे वाटावे. तो निळेपणा व्हॅनेडियम ह्या धातूचा आहे. १९६७ साली अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये हे खनिज प्रथम सापडले, परंतु जगातील संग्राहकांकडे असलेले त्याचे उत्तम नमुने बहुतांशी वाघोलीचे आहेत. महाराष्ट्राच्या कातळातून निघालेल्या स्फटिकांचा मोठा संग्रह सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात आहे. नाशिककडे जाणाऱ्या ज्ञातिबंधु-भगिनींनी तो मुलांसह अवश्य पाहावा, आणि जाताना एखादे भिंग बरोबर न्यावे.